बुरशीराजाची बोटं

पुस्तकातलं एकच चित्र राहिलं होतं. बाकीचे एकोणचाळीस राक्षस तिने हातावेगळे केले होते. पंख, शेपट्या, सुळे, सगळं शाई सुकून फाइलीत बसलं होतं. चाळिसावा मात्र अडून बसला होता, आणि अडला होता तो बोटांवर.

पुस्तक तिच्या दादाचं. टेबलाभोवती चार-पाच जण बसून खेळायचा कथाखेळ. प्रत्येकाने एकेक वीर व्हायचं, फासे टाकायचे आणि राक्षसांशी लढायचं. नियम दादाने लिहायचे, चित्रं हिने काढायची. लहानपणापासून हेच चालत आलं होतं, फक्त आता त्याला प्रकाशक मिळाला होता. चाळिसावा राक्षस सगळ्यांत जबरदस्त. त्याचं नाव बुरशीराज. उंची नऊ हात, डोक्यावर भूछत्रांचा मुकुट. हा कुणाला मारत नाही. राज्य करतो. त्याची भुकटी ज्याच्या छातीत गेली, तो त्याची प्रजा.

"हाताला बोटं किती?" एवढंच तिला विचारायचं होतं. दादा फोन उचलत नव्हता. निरोपाला उत्तर यायचं, पण एका ओळीचं. 'आम्ही कामात आहोत.' आम्ही? हा माणूस कधीपासून स्वतःला आम्ही म्हणायला लागला?

मंगळवारी दुपारी जेवण उरकून ती बसमध्ये चढली. वाटेत पिशवीतून बुरशीराजाचे दोन्ही मसुदे काढले. पहिला दादाचाच होता, शंकाच नको. 'याच्या अंगाला बुटकीच्या शाळेच्या मोज्यांचा वास येतो,' असं त्यात लिहिलं होतं, आणि बुटकी म्हणजे ही. शेवटी 'कमजोरी' या रकान्यात: ऊन आणि वारा.

दुसरा मसुदा गेल्या पंधरवड्यातला. त्यात एकही विनोद नव्हता. वाक्यं सरळ, थंड, सरकारी नोटिशीसारखी. 'प्रजा आपापली कामं करत राहते. प्रजा एकत्र श्वास घेते.' कमजोरीच्या रकान्यात दोनच शब्द. काही नाही.

तिने ते पान दोनदा वाचलं. दादाचा राक्षस आणि कमजोरी नाही? 'ज्याला हरवता येत नाही तो राक्षस म्हणजे लेखकाचा आळस,' असं तोच सगळ्यांना ऐकवत फिरायचा.

दादाचं घर गल्लीच्या टोकाला, तळमजल्यावर. चार महिन्यांपूर्वी शांतता हवी म्हणून दादा आणि वहिनी इथे राहायला आले होते. दार वहिनीने उघडलं.

"या," ती म्हणाली. "आत या."

ही दारातच थबकली. जी वहिनी एरवी 'अगं ए, किती वाळलीस!' म्हणत पाठीत धपाटा घालायची, ती आज अहो-जाहो करत होती. थट्टा असेल म्हणून ही हसली. वहिनी हसली नाही.

आत वास होता. खूप दिवस ओल्या राहिलेल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याचा, आणि त्याखाली काहीतरी गोडसर. खिडक्या बंद होत्या, आणि फटींवर चिकटपट्टी लावलेली, एकावर एक, तीन-तीन थर. दादा टेबलाशी बसला होता. त्याच्यासमोरच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत चादर टांगली होती.

"दादा, ही चादर कशाला?"

"ओल आहे," तो म्हणाला. मान वळवली नाही.

"आणि खिडक्या?"

"उजेडाचा त्रास होतो."

तिने वही उघडली. पेन्सिल काढली. "बरं, कामाचं बोलू. बुरशीराजाला बोटं किती?"

"मोजलेली नाहीत," दादा म्हणाला. "थांब. विचारतो."

"कुणाला?"

तो भिंतीकडे पाहत राहिला. मोठी माणसं आतल्या खोलीत बोलत असली की मूल दाराशी कसं कान देऊन उभं राहतं, तसा. मग म्हणाला, "सात."

तिने वहीत सात लिहिलं. दुसरं काही सुचेना म्हणून लिहिलं. मान वर केली तेव्हा तिला दादाची पाठ दिसली, सावकाश फुगणारी, सावकाश बसणारी. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभी होती. तिची छाती फुगली, बसली. त्याच क्षणी. पुन्हा त्याच क्षणी.

आणि वारा यायला कुठे फट नव्हती, तरी भिंतीवरची चादर फुगली... आणि बसली.

तिने स्वतःचा श्वास रोखला. कशीबशी म्हणाली, "दादा... अंगणात चल ना दोन मिनिटं. चित्र दाखवायचंय."

"आम्हाला इथेच..."

"...बरं वाटतं," वहिनीने मागून वाक्य पुरं केलं. आवाज तिचा होता, पण बोलण्याची ढब दादाची.

"आम्ही म्हणजे कोण?"

चादर फुगली आणि या वेळी बसली नाही. फुगतच राहिली.

पुढचं तिला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की पहिल्या मसुद्यातली ती तीन शब्दांची ओळ डोक्यात घण घालत होती, आणि ती खिडकीशी होती, नखांनी चिकटपट्टी ओरबाडत. "दादा, तू लिहिलंयस ते!" ती ओरडत होती. "तूच लिहिलंयस!" मागून सावकाश पावलं येत होती, दोन माणसांची, एका तालात. तिच्या खांद्यावर हात पडला. तेवढ्यात पट्टी सुटली, खिडकी धाडकन उघडली, आणि दुपारचं ऊन वाऱ्यासकट टेबलापर्यंत आलं.

चादर फटकन भिंतीला चिकटली. खांद्यावरचा हात गळला. दादा खोकत खोकत खाली बसला, मग वर पाहून म्हणाला, "बुटके... तू कधी आलीस?"

तिने दोघांचे दंड धरले आणि फरफटत रस्त्यावर आणलं.

"अगं ए, चपला तरी घालू दे!" वहिनी खोकता खोकता किंचाळली. त्या एका 'अगं ए'ने हिला भर रस्त्यात रडू फुटलं.

डॉक्टरांनी दोघांची छाती तपासली. ओलीच्या घरात राहू नका म्हणाले, बाकी सगळं साफ होतं. दोघं तिच्याकडेच राहायला आली. गच्चीवर उन्हात बसून दादा दिवसेंदिवस माणसात येत गेला. दुसरा मसुदा दाखवला तेव्हा तो गोंधळला. "मी एकच लिहिला होता गं," म्हणाला. बुरशीराजाला पुस्तकातून काढून टाकायचं ठरलं. सातचा आकडा तिने खोडरबराने पुसला, मग ते पानच फाडलं.

नवव्या दिवशी एक गवंडी दादाची राहिलेली पुस्तकं घेऊन आला. घरमालकाने त्याला चादरीमागची ती भिंत पाडायला लावली होती.

"ओल फार होती का हो?" तिने विचारलं.

"ओल? अहो ताई, वीट ठणठणीत कोरडी." त्याने खोकं खाली ठेवलं, पण निघाला नाही. आत दादाकडे एक नजर टाकून आवाज खाली आणला. "भिंतीच्या आत पोकळी निघाली. दार नाही, फट नाही. खाली ओट्यासारखी बैठक... मधोमध झिजून गुळगुळीत झालेली. पायरी झिजते ना वर्षानुवर्षांनी, तशी."

"रिकामी होती?"

"रिकामीच होती," गवंडी म्हणाला, आणि उजवा तळवा सदऱ्याला पुसत राहिला. "पण मी बैठकीला हात लावून पाहिला ना, ताई... गरम होती."