घोंगडीखालचा पियानो

“अनुताई, आता तुम्हीच पेटीवर बसा!” सावळारामबुवांनी भरल्या मांडवात हाक दिली आणि अनुपमाचं काळीज... धडधडलंसुद्धा नाही!

आईच्या वर्षश्राद्धाचं कीर्तन होतं. राहू गावाहून निघालेल्या पेटीवाल्या हौसरावांची जीप वाटेत बंद पडली होती. मांडवात पेटी होती, वाजवणारा नव्हता.

अनुपमा उठली. एके काळी पुण्यात पियानोच्या मैफली गाजवणारी ही लेक, आई अर्धांगानं अंथरुणाला खिळली, तिची वाचाही गेली, तेव्हा पियानोसकट गावी, केंदूरला परतली. पहिल्याच संध्याकाळी आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, पियानोवर घोंगडी टाकली. “दुखणाईत माणूस हाय घरात. राहू दे झाकलेलं.” राहिलं... नऊ वर्षं! तळेगावात मुलांना की-बोर्ड शिकवून ती परते, आईला भरवी, कूस बदलून देई. अंतरीचे सूर मात्र एकेक करून मुके झाले. आबांनी एकदा तरी ‘वाजव’ म्हणावं, एवढीच आस होती. आई गेल्यावर ती आसही बधिरली.

बुवांनी अभंग उचलला. उजव्या हातानं तिनं चाल धरली, डाव्यानं भाता. दोन ओळी झाल्या आणि हातांची जुनी सवय उसळली... भात्यावरचा डावा हात सुटून पट्ट्यांवर आला. दोन्ही हात चालत राहिले आणि पेटी गप्प झाली!

“ताई, भाता इसरला की!” टाळकरी हसले. “पियानो न्हवं ह्यो!”

ती लाजलीही नाही. हात निमूट मागं घेतला.

तेवढ्यात गुडघे धरत आबा उठले, पेटीसमोर येऊन बसले आणि त्यांनी भाता आपल्या हाती घेतला.

“दोन्ही हातांनी वाजव, अनू.”

“आबा, लोक बघतात...”

“बघू दे. तू तळेगावला गेलीस की तुझी आय रोज त्या घोंगडीकडं हात करायची. तिला ऐकायचं हुतं, पोरी! मला कळत हुतं. पण वाजवाय लागलीस आन् परत पुण्याला निघालीस तर... भ्यालो मी. माझं चुकलं.”

मांडव हुंदक्यांनी भरून गेला. बुवांनी तीच ओळ पुन्हा उचलली. आबांना भात्याची सवय नव्हती, म्हणून सूर कधी फुगे, कधी ओसरे... अनुपमाचे डोळे कोरडेच राहिले, दोन्ही हात मात्र चालत राहिले.

पंगती उठल्यावर ती घरात गेली. तिनं पियानोवरची घोंगडी काढली, झटकली आणि ओसरीत बसलेल्या आबांच्या खांद्यांवर पांघरली.

“गारठा हाय,” एवढंच म्हणाली, आणि आत जाऊन तिनं झाकण उघडलं.