तिसरी होऊ दे

आज जेवताना तुम्ही सगळे प्रतापकाकाला मागून हाका मारत होतात. नाव पुरं होण्याआधीच तो "ओ!" म्हणून दचकतो, प्लेट सांडतो, म्हणून हसत होतात. मी पाहिलं. तो आता घरी गेलाय, तुमचे आईबाप वर कॉफी पितायत आणि बाहेर स्नो थांबायचं नाव नाही. बसा इथे बेसमेंटमध्ये. त्याचं सांगतो. अर्धं सुलेखाकाकूकडून कळलेलं, अर्धं माझ्यासमोर घडलेलं.

रविवार होता, सत्तावीस डिसेंबर, सत्त्याऐंशी साल. इंडियातून आलेली नव्या वर्षाची मराठी कॅलेंडरं मी घरोघर देत होतो. रात्री नऊच्या सुमारास प्रतापकडे पोचलो. दार सुलेखाने उघडलं.

"भावजी, बरं झालं आलात. हे खाली बसलेत, सकाळपासून जेवलेले नाहीत. आईंना जाऊन आज वर्ष झालं ना!"

प्रतापची आई म्हणजे सरलामावशी. सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. आदल्या ख्रिसमसला त्याने आईला नि बायकोला हवाई दाखवायला नेलं. बरं, समुद्रकाठी बसवावं की नाही? नाही. बहात्तर वर्षांच्या बाईला घेऊन निघाला दिवसभराच्या हाइकला, धबधबे बघायला. साडीखाली पांढरे स्नीकर्स घालून बिचारी चालली. गाडीतून उतरल्यावर गर्द झाडी बघून लेकाला म्हणाली, "बाळा, रान आहे हो. कोणी नावाने हाक मारली तर लगेच ओ देऊ नकोस. तिसरीला दे. भूत दोनदाच हाक मारतं."

हा नियम तिने त्याला लहानपणापासून शिकवलेला. प्रताप हसला. इंजिनिअर ना!

पहिल्या धबधब्यापाशी मावशींना धाप लागली. गाइड तिथलाच, वयस्कर माणूस. तो म्हणाला, इथे ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस पडतो आणि ओढ्याला एकाएकी पाणी चढतं. एकट्या माणसाला शक्यतो काठावर ठेवत नाही. यांना काय हवंय ते विचार.

प्रतापने विचारलं. मावशी म्हणाल्या, "मी येते रे हळूहळू तुमच्याबरोबर. एकटी नको बसवूस."

प्रतापने गाइडला इंग्लिशमध्ये सांगितलं, "शी इज फाइन. शी लव्ह्ज टू सिट."

सुलेखा तेव्हा पुढे गेली होती. गाइडला मराठी येत नव्हतं, मावशींना इंग्लिश येत नव्हतं. दोघांच्या मध्ये हा एकटा. माझ्या मते त्याने तिला तिथेच मारलं. वाईट वाटतं ऐकायला, वाटू दे.

वीस मिनिटं चढून ही मंडळी वरच्या धबधब्याला गेली. प्रतापच्या खांद्यावर नवाकोरा व्हिडिओ कॅमेरा. तो शूटिंग करत होता, तेवढ्यात खालून हाक आली. "प्रताऽप..."

त्याने ऐकलं. टेपवर तेव्हा स्पष्ट ऐकू यायचं. थोड्या वेळाने दुसरी आली. "प्रताऽप..." आणि मग याचा हसण्याचा आवाज, नि वाक्य: "तिसरी होऊ दे."

तिसरी झाली नाही. खाली आले तेव्हा खडकावरून पाणी वाहत होतं. मावशी दुसऱ्या दिवशी सापडल्या, मैलभर खाली.

मृणालिनी, काय म्हणालीस? "व्हाय डिड्न्ट ही जस्ट आन्सर?" अगं, त्याची फिल्म संपायची होती. भुतासाठी केलेला नियम त्याने जिवंत आईला लावला, बस्स.

तर त्या रात्री मी खाली त्याच्या बेसमेंटमध्ये गेलो. प्रताप टीव्हीसमोर. ती टेप वर्षभर रोज लावायचा. चुकून कोणी तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड करू नये म्हणून तिच्या कडेचा तो छोटा प्लॅस्टिकचा तुकडाही त्याने मोडून टाकलेला. मला म्हणाला, "नरेंद्र, एकदा तिसरी हाक येऊ दे रे. मी ओ देईन. मला बाकी काही नको."

माझ्यासमोर टेप लावली. धबधबा. पहिली हाक. दुसरी. हसणं. वाक्य. त्याने टेप थांबवली, टीव्ही बंद केला. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. घर तापवणारी भट्टीही बंद होती. वर सुलेखाचाही आवाज नव्हता.

आम्ही बसलो होतो...

खिडकी आहे ना बेसमेंटला, वर, जमिनीलगतची? ती स्नोने झाकलेली. तिकडून पाण्याचा आवाज आला. नळाचा नाही. मोठ्या पाण्याचा.

मी प्रतापकडे पाहिलं. तो खिडकीकडे बघत होता.

मग...

"प्रताऽप..."

अगदी जवळून. दमलेला आवाज.

मी त्याचा दंड धरला. म्हटलं, दे. आता तरी ओ दे. निदान मला वाटलं की मी म्हटलं. तोंडातून शब्द फुटला नव्हता. त्याचं तोंड उघडं. घशातून हवा नुसती. एक मिनिट. दोन मिनिटं...

पाण्याचा आवाज लांब गेला. मग थांबला.

त्याने ओ दिली नाही. वर्षभर जिच्यासाठी रडला तिला दुसऱ्यांदा दिली नाही. भ्याला. मीही भ्यालो, खोटं कशाला बोलू?

थोड्या वेळाने त्याने टेप मागे फिरवली, पुन्हा लावली. ती टेप आजही त्याच्याकडे आहे. मी तीनदा पाहिलीय, सुलेखानेही पाहिलीय. धबधबा दिसतो. पाण्याचा आवाज आहे, पाखरांचा आहे. हाका नाहीत. एकही नाही. काही पुसल्याची खूण नाही, मध्ये खंड नाही.

पाणी पडत राहतं, आणि मग कोणीही हाक मारलेली नसताना प्रताप हसतो, म्हणतो, "तिसरी होऊ दे."