अडसर घालण्याआधी

यात पदरचं काही नाही. घडलं तसंच सांगितलंय.

यंदाच्या पौषातली, धर्मराज पाटलांच्या तेराव्यानंतरची संध्याकाळ. भोकरदनच्या अलीकडचं गाव. आणि गावातलं ‘बंडाचं घर’.

सत्तावनच्या धामधुमीत इंग्रजांविरुद्ध उठलेली माणसं इथे लपली होती, असं घरात सांगतात. फौज आली. आतल्यांनी घाईने दाराला अडसर घातला...

आणि घरातलाच एक जण बाहेर राहिला.

तो दार वाजवत राहिला. कोणी उघडलं नाही.

तेव्हापासूनची रीत. दिवेलागणीला घरच्या कर्त्याने उंबऱ्यात उभं राहून विचारायचं, “कोणी बाहेर राहिलं का?” आणि लगेच अडसर घालायचा.

आजवर धर्मराज विचारत. आता त्यांची एकुलती एक मुलगी, अर्पिता, उभी राहिली.

“उत्तरासाठी थांबायचं न्हाई बरं,” थोरली काकू, गिरिजाबाई, चुलीपासून म्हणाली. “तुला लई प्रश्न पडत्यात.”

अण्णा, तिचे वडील, संभाजीनगरच्या दवाखान्यातच वारले. तिथे सारखं एकच म्हणायचे, मला घरी ने. ते घरी पोचले का, एवढंच अर्पिताला हवं होतं.

तिने विचारलं.

आणि ती थांबली.

गल्लीत भुंकणारं कुत्रं गप्प झालं.

“अण्णा?”

काहीच नाही... मग गार हवा खांद्याला घासून आत गेली. ओसरीवर पावलं वाजली. जड. दमलेली.

आले.

तिचे डोळे भरून आले. तिने अडसर घातला.

पावलं माजघरात गेली.

“अर्पे, कोणाला घेतलं आत?”

“अण्णा आले, काकू.”

गिरिजाबाईंच्या हातातली भाकरी तव्यावरच करपली.

“न्हाई गं. भाऊजी कधी पायताणासकट माजघरात आल्ते का?”

तेवढ्यात दाराबाहेर कोणीतरी खोकललं...

अडकत, दम खात. अण्णांचाच खोकला.

मग कडी वाजली. हलकेच.

अर्पिताने अडसराला हात घातला. काकूने तिचं मनगट धरलं.

“उघडू नको, माय. मंग कोण खरं, कसं कळावं?”

कडी वाजत राहिली. माजघरातली पावलं थांबली होती... कान देऊन ऐकत असल्यासारखी.

उजाडेपर्यंत दार बंदच राहिलं. कडी कधी थांबली, कळलं नाही.

काकू आजही समजावते. भाऊजी असते तर हाक मारली असती. मुक्यानं दार वाजवणारा माणूस न्हवता तो.

अर्पिता मान हलवते.

शेवटचे काही दिवस अण्णांचा आवाजच गेला होता, हे तिने काकूला अजून सांगितलेलं नाही.