सुरमईच्या डब्यातलं प्रथिन

तुबा पहिल्यांदा बर्फाच्या कारखान्यात शिरली तेव्हा आकिब एका लादीशी बोलत होता. दोन वर्षांपूर्वी त्याची अम्मी कॅन्सरने गेली, तेव्हापासून ऐकून घेणारं दुसरं कुणी नव्हतं. लाद्या मधे बोलत नाहीत. फक्त शेवटपर्यंत थांबत नाहीत.

"वाडीतला ट्रान्सफॉर्मर जळलाय," तिने थर्माकोलचा डबा पुढे केला. "हा थंड ठेवायचाय."

"मासो खंयचो?"

"मासा नाही. प्रथिन आहे."

शीतखोलीतल्या प्रत्येक डब्यावर खडूने माशाचं नाव लागतं. बिननावाचा डबा मुकादम मांजरांना घालतो. आकिबने बराच विचार करून 'सुरमई' लिहिलं.

"पापलेट तरी लिवचा होता," ती म्हणाली. म्हणजे इथलीच होती. पुण्याच्या प्रयोगशाळेतून ईदला आलेली. प्रथिनाच्या नळ्या कुणाच्या भरवशावर सोडवेनात, म्हणून सोबत आणलेल्या.

मग ती रोज दुपारी बर्फ बदलायला येऊ लागली. आकिब चहा सांगायचा. शीतखोलीच्या दारात तो दोन मिनिटांत गार व्हायचा... दोघं तसाच प्यायची, अर्धा तास.

"ह्या प्रथिन करता काय?"

"कॅन्सरच्या पेशीत आरएनएचो धागो असता. वाढायचो निरोप. काम झाला की धागो तुटूक होयो. पण ह्या प्रथिन त्याका घट्ट धरून बसता. मगे पेशी वाढतच रवता."

"आणि तुझा काम?"

"त्याका सोडूक शिकवायचा."

आकिबने लादीवर टोचा मारला. "शिकवून झाला की माका पण सांग," तो म्हणाला. "अम्मीचो फोन नंबर अजून तसोच ठेवलोय."

तुबाने त्या दिवशी दुसरा चहा मागितला.

नवव्या दिवशी ती बॅग घेऊनच आली. पुण्याची गाडी चारची होती.

"तुमच्या वाडीत लाइट चार दिवसांआधीच इली," आकिब लादीकडे बघत म्हणाला. "आमचो वायरमन एकच आसा."

"माका ठावक आसा." ती थांबली. "नळ्यो पण... कधीच खराब झाल्यो. दुसऱ्याच दिवशी बघलंय, पाणी गढूळ."

"मगे इतके दिस बर्फ कोणासाठी घातलो मी?"

"माझ्यासाठी," तुबा म्हणाली.

आकिब लादीकडे वळला. लादीने मदत केली नाही.

"डबो हयच ठेव," गढूळ नळ्या बॅगेत टाकून ती दारातून म्हणाली. "नव्यो नळ्यो घेवन येतलंय. खडू पुसू नको."

गाडी गेली. संध्याकाळी मुकादमाने डबा हलवून पाहिला. आत नुसता बर्फ वाजला.

"ह्यात काय आसा रे?"

"सुरमई," आकिब म्हणाला, आणि त्याने बर्फ बदलला.