आईंचा आवाज

मी या घरात आले ती टीव्ही दुरुस्त करणारी सून म्हणून. मागे भलंमोठं पोट असलेले जुने टीव्ही. ते बनायचे बंद झाले, तरी माझा हात अजून त्यांच्यातच रमतो. म्हणून एका सकाळी चहा पिता पिता नवरा म्हणाला, "आईचं यंत्र सापडलंय," तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "पिक्चर ट्यूब शाबूत आहे का?"

आई म्हणजे माझ्या सासूबाई. तरुणपणी त्या एका कारखान्यात टायपिस्ट होत्या. तिथे नाणं टाकून उभ्याने खेळायची व्हिडिओ गेमची यंत्रं बनायची. नाव हाकायच्या एका खेळाला बोलतं करायचं ठरलं, पण साहेबांचा आवाज फाटक्या ढोलासारखा. त्यांनी आईंना मायक्रोफोनपुढे बसवलं. 'तयार व्हा.' 'डावीकडे खडक.' 'नाव फुटली.' 'शाब्बास, किनारा आला.' बस, एवढंच.

पुढे आईंच्या घशाला आजार झाला आणि ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. माझं लग्न त्यानंतरचं. आई माझ्याशी ओठ हलवून, हातवारे करून बोलायच्या, अडलं तर पाटीवर लिहायच्या. भांडायच्याही तशाच, आणि जिंकायच्या. पण त्यांचा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. घरात त्याची एक टेपसुद्धा नव्हती.

यंत्र होतं एका बंद पडलेल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये, दुकानांच्या इमारतीखालच्या तळघरात. मी आणि आई दुपारी तिथे पोचलो. राखणदार काका किल्ल्यांचा जुडगा घेऊन पुढे झाले.

"चालेल ते यंत्र मालक ठेवून घेणार आहेत, ताई," ते म्हणाले. "बाकीची संध्याकाळी भंगारवाला नेतोय."

वर लख्ख ऊन होतं. खाली मात्र एका पिवळ्या बल्बचा उजेड, आणि त्यात चादरी पांघरलेली उंच यंत्रं रांगेने उभी. जळक्या धुळीचा, कुजलेल्या रबराचा वास. वरच्या दुकानाच्या जनरेटरची घरघर छतातून झिरपत होती.

आईंनी तिसरी की चौथी चादर ओढली आणि तिथेच थांबल्या. त्यांना सांगावं लागलं नाही.

मी प्लग लावला. काळ्या पडद्यावर मधोमध एक पांढरी आडवी रेघ उमटली, केसासारखी बारीक. स्पीकरमधून नुसतं घुमणं. मला हायसं वाटलं. रेघ आहे म्हणजे ट्यूब जिवंत आहे, फक्त चित्र वरखाली पसरवणारा भाग झोपलाय. घुमतंय म्हणजे वीजपुरवठ्याचे कपॅसिटर फुगलेत. दोन्ही माझ्या ओळखीचे आजार.

पण ते घुमणं सलग नव्हतं... थांबायचं. पुन्हा सुरू व्हायचं. कपॅसिटर असा वागत नाही. मी आईंकडे पाहिलं. त्या गळ्याच्या छिद्रातून श्वास घेतात आणि त्यावर पातळ रुमाल बांधतात. रुमाल वर आला की यंत्र घुमत होतं. खाली गेला की गप्प.

मी प्लग काढला, मागचं दार उघडलं आणि कामाला लागले. स्पीकरचा कागद फाटला होता, म्हणून त्याच्या तारा सोडवून तो जमिनीवर पालथा ठेवला. चित्राच्या सर्किट-पट्टीवर डाग दिलेले जोड तडकले होते, ते पुन्हा डागले. बोलणारी चिप उपसून तिचे काळवंडलेले पाय घासले आणि ती परत बसवली. पडद्याकडे जाणारी वायर अजून सुटीच होती. नवे कपॅसिटर आणि नवा स्पीकर स्कूटरच्या डिकीत राहिले होते, ते आणायला मी वर गेले.

परतले तेव्हा आई यंत्रासमोर खुर्चीवर होत्या, काका दाराशी. मी मागे जाऊन बसले, बॅटरी दातांत धरली आणि आत हात घातला.

"हात काढ."

बाईचा आवाज. म्हातारा, घोगरा, अगदी कानाशी.

माझा हात होता तिथेच थिजला.

"काढ हात..."

मी हात मागे घेतला. तळघरात आम्ही तिघंच. काका तर पुरुष. आवाज खालून आला होता, माझ्या गुडघ्याजवळून. तिथे स्पीकर पालथा पडला होता आणि त्याच्या दोन्ही तारा मोकळ्या लोळत होत्या.

मी टेस्टर काढून पट्टीला टेकवला. तो भक्कन पेटला.

"काका," मी हळूच म्हटलं, "प्लग कोणी लावला?"

"मीच. खाली पडलेला दिसला, म्हटलं सैल असेल." त्यांच्या लक्षात यायला क्षणभर लागला. मग ते मटकन खालीच बसले.

पडद्याची वायर सुटलेली, त्यामुळे रेघ दिसली नव्हती. जनरेटरच्या घरघरीत यंत्राचा आवाज कळला नव्हता. आणि माझी बोटं त्या जिवंत पट्टीपासून सुपारीएवढ्या अंतरावर होती.

मी पुढे आले. आई खुर्चीतून अर्धवट उठलेल्या, नजर लावलेल्या प्लगवर, तोंड उघडं, चेहरा पांढराफटक. पाटीवर त्यांनी कशीबशी अक्षरं काढली.

'मी ओरडले.'

मी त्यांचे हात धरले. ते गार होते.

"ऐकू आलं, आई," मी म्हटलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग पाटी पुसून त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. चल, घरी जाऊ.

"नाही," मी म्हटलं. "आता तर नाहीच. भंगारवाला यायच्या आत हे बोललं पाहिजे."

प्लग मी काकांच्या हातात दिला. "मी सांगेपर्यंत हा सोडायचा नाही." ते तो छातीशी धरून बसून राहिले. मी कपॅसिटर बदलले, पडद्याची वायर जोडली, नवा स्पीकर बसवला. डाग एकही चुकला नाही. रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला तेव्हा मी शेवटचा स्क्रू पिळत होते.

"लावा, काका."

रेघ उमटली. थरथरली. आणि मग पडदा उघडावा तशी वर-खाली पसरली... निळं पाणी, तपकिरी खडक, इवलीशी पांढरी नाव. घुमणं नाही, खरखर नाही. आईंनी नाणं टाकलं.

"तयार व्हा," यंत्र म्हणालं.

कोवळा, खणखणीत, थोडा आगाऊ आवाज. विशीतल्या मुलीचा. तरी मी लगेच ओळखला. मघाशी मला याच आवाजाने हटकलं होतं, फक्त मधली सगळी वर्षं त्यात मिसळली होती.

आईंचे डोळे वाहत होते, पण हात यंत्राच्या दांड्यावर घट्ट. दोनदा नाव फुटली. भंगारवाला आणि त्याची माणसं जिन्यातच थबकून बघत उभी राहिली. तिसऱ्यांदा आईंनी ओठ आवळले, खडकांमधून नाव सुईसारखी ओवली आणि...

"शाब्बास, किनारा आला."

भंगारवाल्याने टाळ्या वाजवल्या. काका उठले, ती चादर घडी करून काखेत मारली आणि म्हणाले, "हे इथंच राहणार." आई माझ्याकडे वळल्या आणि खांदे हलवत मनसोक्त हसल्या. माझ्या लग्नापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर त्या एका यंत्रावर पार्लर पुन्हा सुरू झालं. काकाच ते चालवतात. दर रविवारी आई जातात आणि पोरांना हरवून येतात.

एक गोष्ट मात्र मी घरात कोणाला सांगितलेली नाही. हिवाळ्यात आईंना सर्दी झाली, तेव्हा काकांचा फोन आला होता. यंत्राचा आवाज बसलाय म्हणाले. मी जाऊन पाहिलं. चिप, स्पीकर, सगळं ठीक. आई बऱ्या झाल्या, तसा आवाजही सुटला.

आज सकाळी काकांनी पुन्हा फोन केला.

"ताई, यंत्र पहाटेपासून कण्हतंय. प्लग काढलाय मी. तरी..."

आई ठणठणीत आहेत. आत्ता समोर बसून शेंगा सोलताहेत. मी डॉक्टरांची वेळ घेतलीय, आणि कशासाठी म्हणून त्या मघापासून खुणेने विचारताहेत.