पारवीचं दावं

मैंदर्गीच्या रक्ततपासणी शिबिरात सोनमनं सकाळपासून साठेक दंडांत सुई टोचली होती. दुपारी चहाचा पेला घेऊन ती बाहेर आली, आणि पेला तिथंच कलला.

समोर लिंबाखाली एक घोडी उभी होती. पारव्याच्या पंखासारखी करडी, आणि डाव्या कानाला खाच.

ती खाच सोनमच्या ओळखीची होती. सांगोल्याच्या माळावर बाभळीच्या काट्यानं शिंगराचा कान फाटला, तेव्हा त्यावर हळद दाबून रात्रभर बसलेली बारा वर्षांची पोर तीच तर होती. पुढं बापाचे, मायाप्पाचे, गुडघे गेले. मेंढरं कमी झाली, रानोमाळ हिंडणं थांबलं. बिऱ्हाडच पाठीवर नाही म्हटल्यावर घोडी कशाला? तीन वर्षांमागं अकलूजच्या घोडेबाजारात पारवी दुसऱ्याच्या हाती गेली, आणि सोनम सोलापूरला लॅबमध्ये नोकरीला लागली.

"पारवे..." ती हळूच म्हणाली.

घोडीनं कान टवकारले, नाक पुढं केलं. सोनमच्या तळहातावर तोच ऊन ऊन श्वास आला... आणि इतक्यात रस्त्यापलीकडून एक लांबलचक शीळ आली. पारवीनं मान काढून घेतली. सोनमकडं एकदा बघितलं, न बघितलं, आणि चालू लागली शिळेच्या मागं.

तिकडं एक उंच, सावळा तरुण हसत उभा होता. घोडीच्या गळ्यात हात टाकून कानडीत म्हणत होता, "बा तंगी, बा." ये धाकटे, ये.

धाकटी म्हणे! सोनमनं उरलासुरला चहा लिंबाच्या बुडाशी ओतून टाकला.

त्याचं नाव राजशेखर. गावाबाहेर त्याचा मळा, मळ्यात चार घोडी. दर रविवारी सोलापूरची हौशी मंडळी यायची आणि तो त्यांना माळरानातून दोन तास फिरवून आणायचा. सोनमनं शिबिर संपायच्या आत पुढच्या रविवारचं नाव नोंदवलं. घोडी आपली होती, हे मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मागायला आल्यासारखं दिसलं असतं. आणि खरं सांगायचं तर ती मागायलाच येणार होती.

तिच्या पिशवीत पारवीचं दावं होतं. आईनं, गोजाबाईनं, काळ्यापांढऱ्या लोकरीचं वळलेलं, कवड्या ओवलेलं. जनावर विकावं, दावं विकू नये. दाव्यासंगं घरची बरकत जाते, असं त्यांच्यात मानतात. म्हणून बाजारात पारवी सुतळीनं बांधून दिली आणि दावं घरच्या खुंटीवर परत आलं. ते गळ्यात घालायचं आणि म्हणायचं, माझी मला द्या. एवढंच करायचं होतं.

पण पहिल्या रविवारी ते जमलं नाही. चालायला शिकायच्या आधी घोड्यावर बसलेली ही पोर, शिकाऊ असल्याचं सोंग घेऊन उभी राहिली. राजशेखरनं पारवीची रिकीब धरली, पाय कुठं ठेवायचा ते दाखवलं, लगाम ढिला धरा म्हणून बोटं सोडवून दिली. सोनमनं लगाम पुन्हा आवळला.

"भ्या वाटतंय काय, मॅडम?"

"घोडीचं न्हाय वाटत," ती म्हणाली.

दुसऱ्या रविवारी ती पारवीच्या मालकावर जळत होती, की मालकाच्या पारवीवर, हे तिचं तिलाच कळेना. तो खरारा करताना घोडीशी बोलायचा ते सोनम कान देऊन ऐकायची. माझ्याशी कधी बोलेल असं?... आणि लगेच जीभ चावायची.

तिसऱ्या रविवारी ओढा लागला. पारवी पाण्याला लहानपणापासून भ्यायची. काठावर येऊन पाय रोवून उभी राहिली. सोनम पुढं वाकली. अशा वेळी काय करायचं ते तिच्या ओठांवर आलंच होतं. पण आधी राजशेखरच गुणगुणला, आपल्या काळ्या घोड्यावरून, डोळे मिटून :

*पाठीवर बिऱ्हाड गं, पोटाशी माझी तान्ही,*
*पारवी माझी बाई, नको भिऊ बघून पाणी...*

घोडीनं पाण्यात पाऊल टाकलं.

सोनम झटकन सरळ झाली. ही ओवी मैंदर्गीची नव्हे. मेंढरांमागं चालणाऱ्या तिच्याकडच्या बाया ती गातात, घोडीचं नाव बदलून बदलून. कानडी मुलखातल्या या गड्याला ती कुणी दिली?

पल्याड गेल्यावर तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "ओवी कुणी शिकवली?"

तो हसला. ओठांनी कमी, डोळ्यांनीच जास्त. "हाय एक पोरगी."

"गोड गाते?"

"लई. निम्मीच शिकवली पण. बाकीची तिच्यापाशीच ऱ्हायली."

पुढचा तासभर सोनम ती पोरगी घडवत राहिली. मनातल्या मनात तिला नाक दिलं, डोळे दिले, लांब वेणी दिली. मग वेणी कापून टाकली. आठवडाभर लॅबमध्ये नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवताना ती पोरगी तिच्या खांद्यावरून डोकावत होती. निम्मी ओवी शिकवते म्हणे! उरलेली गाण्यासाठी परत येणार असेल. येऊ दे, घेऊ दे हा मळा, हा माणूस. माझी घोडी तेवढी माझ्या दारात बांधते.

चौथ्या रविवारी परतीच्या पावसाची भुरभुर होती. बाकी मंडळी आलीच नाहीत. दोघंच निघाली. पिशवी सोनमच्या खांद्याला होती, दाव्याच्या कवड्या बरगडीला टोचत होत्या. ओढ्यापर्यंत तिनं वाक्य दहादा जुळवलं.

ओढा फुगला होता. पारवी थांबली. राजशेखरनं पुन्हा तीच ओवी धरली, आणि या वेळी एक चरण पुढं गेला. "*पल्याड हिरवं रान...*" एवढं म्हणून तो गप्प झाला. वाट बघत बसला. घोडीही वाट बघत उभी राहिली.

सोनमला राहवलं नाही. त्या पोरीच्या तोंडची ओवी अर्धी लोंबकळलेली तिला बघवेना. गळा आपोआप उघडला :

*पल्याड हिरवं रान, पल्याड माझा भाऊ,*
*तुझ्या गं पावलानं, आपुन दोघी जाऊ...*

पारवी पाण्यात शिरली. पोटाला पाणी लागलं तरी डगमगली नाही. पलीकडच्या काठावर राजशेखरनं घोडा आडवा घातला.

"तीन वर्सं झाली या ओळीची वाट बघतोय," तो म्हणाला. "अकलूजच्या बाजारात एक पोरगी घोडीच्या आयाळीत तोंड घालून गात हुती. तोंड दिसलं न्हाय. 'पल्याड हिरवं रान' म्हनली अन् हुंदका आला. मी दोन घोड्यांच्या पल्याड उभा हुतो. घोडी घ्यायचं माझ्या मनातबी नव्हतं."

"मग का घेतली?"

"बघता बघता ती गर्दीत निघून गेली. घोडी हाय तितं ती पोरगी कवा ना कवा येईल, असं वाटलं."

सोनमनं पारवीच्या आयाळीकडं बघितलं. आठवडाभर जिच्या वेण्या कापल्या, ती मीच? मग एकदम तिचे डोळे बारीक झाले. "तुमाला कवा कळलं?"

"पयल्याच रविवारी. शिकाऊ माणूस घोडीचा फाटका कान आदी कुरवाळत न्हाय."

"अन् तरी मला लगाम धराय शिकवलात? त्या पोरीवर जळू दिलंत?"

"जळत हुता व्हय?" तो निरागसपणानं म्हणाला. "मला वाटलं, ऊन लागतंय."

तिनं हातातली छडी उगारली. पण पारवीनंच मान मध्ये घातली. नाकानं एकदा याचा खांदा ढोसला, एकदा तिचा गुडघा.

मळ्यात परत आल्यावर सोनमनं पिशवीतून दावं काढलं. राजशेखरचा चेहरा उतरला. हे दावं म्हणजे काय, हे बाजार हिंडलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यानं पारवीच्या पाठीवरनं हात फिरवला आणि बाजूला झाला.

"न्या," तो म्हणाला. "तुमचीच हाय. शीळ तेवढी इसरू देऊ नका तिला."

सोनमनं दावं पारवीच्या गळ्यात घातलं नाही. ती गोठ्यात गेली. भिंतीला खुंटी होती, जराशी उंचच. टाचा उंचावून तिनं दावं तिथं अडकवलं, कवड्या सारख्या केल्या.

"अवं, हे काय?" राजशेखर दारातून म्हणाला. "दावं कुनाला देत न्हाईत तुमच्यात. आई काय म्हनल?"

सोनम वळली नाही. तिचे कान लाल झाले होते, आणि ती पाठमोरी असूनही ते दिसत होते.

"तिला सांगीन," ती म्हणाली, "कुनाला दिलं न्हाय. घरातच ठिवलंय."