चार वाजून दहा मिनिटांचं पाणी

मंगळवार, ९ नोव्हेंबर. आभाळ भरलेलं, वारा अजिबात नाही. दुपारी दोनला हौदाचं पाणी चौतीस अंश.

रुग्णालयातला व्यायामाचा हौद माझ्याकडे असतो. पायांतलं बळ गेलेल्यांना साखळीच्या पाळण्यात बसवून मी कोमट पाण्यात सोडतो, वीस मिनिटांनी वर काढतो आणि वहीत नोंद करतो. सतरा वर्षांत एक दिवस गाळलेला नाही.

ऑक्टोबरच्या पानांवर एकच ओळ दोनदा आली आहे: पंप बंद, तरी पाणी हललं, चार दहा. पहिल्यांदा हौदात एक पोस्टमन होता, दुसऱ्यांदा एक शिंपीण. दोघंही त्या त्या संध्याकाळी आपल्या पायांनी घरी गेले. डॉक्टर म्हणाले, व्यायामाला यश आलं. मी वहीतल्या वेळेखाली रेघ ओढली.

अडतीस नंबरच्या खाटेवरच्या आजोबांनी ते दोन्ही वेळा काठावरून पाहिलं होतं. त्यांना भेटायला कोणी येत नसे. वॉर्डातल्या सिस्टर त्यांना बायबल वाचून दाखवत. त्यात एक तळं आहे. पाणी हललं की जो आधी उतरेल तो बरा व्हायचा. एक माणूस अडतीस वर्षं आजारी होता आणि काठावर पडून होता; त्याला पाण्यात सोडणारं कोणी नव्हतं. येशूने त्याला विचारलं, तुला बरं व्हायचंय का?

"त्याला निदान विचारलं तरी," आजोबा म्हणाले होते. "मला चहा हवाय का, हेही कोणी विचारत नाही." मग हळूच, "पुढच्या वेळी मला सोडशील?"

"सोडीन, आजोबा."

त्या मंगळवारी चारच्या सुमारास मी त्यांना पाळण्यात बसवलं. शेजारी चाकाच्या खुर्चीत माझी थोरली बहीण होती. सहा वर्षांपूर्वी जिन्यावरून पडल्यापासून ताईचे पाय हलले नव्हते. तिचा नंबर आजोबांनंतर होता.

पंप बंद केला. औषधाचा नेहमीचा वास एकाएकी नाहीसा झाला आणि ओल्या दगडाचा वास आला, जुन्या विहिरीत डोकावल्यावर येतो तसा. मग तळाशी कोणी कूस बदलावी तसं पाणी मधोमध थरथरलं.

"हललं..." आजोबा म्हणाले.

मी त्यांचा पट्टा सोडला. उचलून बाकावर ठेवलं. गोधडीएवढंही वजन नव्हतं त्यांचं.

"अरे, आधी ते आहेत ना..." ताई म्हणाली.

"बोलू नकोस ताई."

मी तिला पाळण्यात बसवून खाली सोडलं. आजोबा ओरडले नाहीत. "अरे... मला..." एवढंच म्हणाले.

पाणी शांत झालं. ताई शिडीच्या पायऱ्या चढून वर आली आणि भिंतीच्या आधाराने अकरा पावलं चालली. मी ती रडत रडत मोजली. मागे वळलो तेव्हा आजोबांची मान एका बाजूला कलली होती. डोळे हौदाकडे होते, नाडी थांबली होती. वेळ चार चौदा.

घरी परतल्यावर ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी सिस्टरांना विचारलं. तो माणूस पाण्यात उतरलाच नव्हता रे. येशू नुसतं म्हणाला, ऊठ, चाल. पाणी लागलंच नाही त्याला."

मी तिच्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं. तिने ते बाजूला सारलं.

"तू फक्त दिलेला शब्द पाळायचा होतास."

ताई आता घरभर चालते. रोज चार वाजून दहा मिनिटांनी ती जिथे असेल तिथे थांबते, कारण तिचे पाय ओले होतात. वरून, खालून कुठूनही पाणी येत नाही. फरशी कोरडी असते. मी टॉवेलने तिचे पाय पुसतो आणि वहीत लिहितो.

१० नोव्हेंबर: तळवे.

२० नोव्हेंबर: घोटे.

आज, ११ डिसेंबर, आभाळ निरभ्र: गुडघ्यांच्या वर चार बोटं. पाणी चौतीस अंश.